रुमाल टाकलेली जागा

काकाजींच्या घरी चहा मिळायचा तो जागा पाहून आल्यावरच. लग्नाची पत्रिका द्यायला आलेलं कोणी असो, विम्याचा एजंट असो, नाहीतर काकूंच्या माहेरचं माणूस असो, पायातल्या चपला काढायच्या आत काकाजी दाराशी येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "चला, पह्यले जागा पाहून येऊ. मंग बसू." पाहुणा बिचारा उन्हातानात निमूट मागे निघायचा. गल्लीतून बाहेर पडून राळेगावच्या रस्त्याला लागलं की डेअरीच्या मागे शेतात प्लॉट पाडून केलेलं ले-आउट. तिथे सगळीकडे घरं झालेली, घरांवर मजले चढलेले, आणि मधोमध बोराटीच्या काट्यांचं कुंपण घातलेला एक चौकोनी तुकडा. आत काहीही नाही. काकाजी कुंपणाशी उभं राहून हात पसरायचे. "हे आपली." आता रिकाम्या जागेबद्दल माणूस काय बोलणार? "छान आहे, मोठी आहे," असं काहीतरी पाहुणा म्हणायचा. तेवढ्यावर काकाजी खूष व्हायचे आणि परतीच्या वाटेवर आजूबाजूच्या घरांना नावं ठेवायचे.

मी त्यांची शेजारीण. शाळेत नोकरी लागून या तालुक्याच्या गावात आले, तेव्हा एका किराणा दुकानदाराच्या टिनाच्या खोल्यांच्या ओळीत बिऱ्हाड केलं. लागूनच्या दोन खोल्यांत काकाजी, काकू आणि त्यांचा मुलगा. काकाजी एसटीत कंडक्टर होते. गावात स्वतःची जागा असलेला माणूस जन्मभर भाड्याने राहतो, यावरून त्यांची टिंगल व्हायची. त्यांना तोंडावर विचारलं तर ते चिडत नसत. त्यांच्याकडे एसटीतलं उत्तर तयार असायचं.

"बाई, स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकते. टाकते का नाही? रुमाल टाकेल माणूस मंग धावत नाही. आरामात येते. आमच्या बाबानं हा रुमाल टाकून ठेवला हाय. माह्यासाठी नाही, नातवाईसाठी. मी कायले धावू?"

त्यांचे बाबा मी पाहिले नाहीत, पण ऐकले भरपूर. खेड्यातला माणूस. शेतीचे तुकडे भावाभावांत होत होत संपतात हे त्याने ओळखलं होतं, म्हणून ओलिताची पट्टी विकून तालुक्याच्या गावी प्लॉट घेतला. "वावर वाटल्या जाते, प्लॉट राह्यते," असं तो म्हणायचा म्हणे. दर बाजाराच्या दिवशी एसटीने यायचा, आधी जागेवर जायचा, वाकून चिमूटभर माती कपाळाला लावायचा आणि मग भाजी घ्यायचा. मुलाच्या ताब्यात जागा देताना त्याने एकच सांगितलं होतं: गवत होऊ देऊ नको आणि कोणाला पाय ठेवू देऊ नको.

काकाजींनी ते अक्षरशः पाळलं. सकाळची फेरी नसली की खुरपं घेऊन जागेवर. गाजरगवत उपटायचं, तरोटा उपटायचा, काट्या नीट करायच्या. शेळ्या हाकलायच्या. लोकांचा पायी जायचा शॉर्टकट तिथून पडू पाहत होता, तर काकाजी कुंपणाच्या तोंडाशी उभे राहून बसमधल्यासारखे ओरडायचे, "मंधातून नाही, कडंनं, कडंनं चला." एकदा आत कडुनिंबाचं रोप उगवलं. काकूंनी राहू द्या म्हटलं, सावली होईल म्हटलं. काकाजींनी ते दोन बोटांनी उपटलं आणि मला समजावून सांगितलं, कारण काकूंना समजावणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

"झाड आलं की सावली येते. सावली आली की पोट्टे येते. पोट्टे आले की मंडळ निंघते, अन् मंडळ निंघालं की नवरात्रात देवी बसते. मंग काढा देवीले."

यात चूक काढायला मला जागा सापडली नाही. आमच्याकडे देवी एकदा बसली की दरवर्षी तिथेच बसते.

ले-आउटमधल्या एका घरच्यांनी लग्नाच्या मांडवासाठी जागा मागितली. साधी एका दिवसाची गोष्ट. काकाजींनी नकार दिला, आणि नकार देऊनही धीर झाला नाही म्हणून लग्नाच्या दिवशी लोखंडी खुर्ची घेऊन जागेच्या मधोमध जाऊन बसले. शेजारी बँड वाजतोय, पंगती उठताहेत, आणि हे उन्हात टोपी घालून एकटे. लग्नघरच्या बाईला दया आली, तिने ताट पाठवलं. ते यांनी खुर्चीत बसूनच खाल्लं. काकू त्या लग्नाला आल्याच नाहीत. शरम वाटली त्यांना.

दलाल मात्र त्यांना फार आवडायचे. राळेगावचा रस्ता रुंद झाला तेव्हापासून यवतमाळहून मोटारसायकलवर दलाल यायचे. काकाजी त्यांना बसवून घ्यायचे, भाव विचारायचे, आणखी थोडा वाढवून सांगायला लावायचे, शेवटी हसून नाही म्हणायचे. कागद दाखवा म्हटलं की त्यांना हमखास काहीतरी काम आठवायचं. दलाल गेला की तो आकडा ते चार दिवस गल्लीत सांगत फिरायचे. "भाव ऐकाचा असते, बाई. घेयाचा नसते," असं म्हणायचे.

आणि काकू? काकूंनी संसार केला तो टिनाखाली. मे महिन्यात त्या खोल्यांत काय होतं ते मी भोगलं आहे, पण मला बदलीची आशा होती. त्यांना नव्हती. चार बिऱ्हाडांत एक संडास, एक नळ. पहाटे बादली घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या काकू मला अजून दिसतात. त्यांच्या माहेरचं जुनं घर पाडलं तेव्हा भावाने विचारलं, तुला काय पाहिजे. काकूंनी दाराची सागवानी चौकट मागून आणली. बैलगाडीतून आली ती चौकट. आमच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती, पोत्यात गुंडाळून. दर दसऱ्याला काकू पोतं काढायच्या, तेल लावायच्या, हळदीकुंकू वाहायच्या, दोन बाजूंना झेंडूची माळ अडकवायच्या. घर नाही, भिंत नाही, नुसती चौकट, आणि तिच्यापुढे रांगोळी. मला हसू यायचं आणि लगेच गिळावंही लागायचं.

"यंदा पाया खोदू म्हणते हे," असं त्या अधूनमधून सांगायच्या. काकाजींनी असं कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही. एकदा मी त्यांच्यापुढेच विषय काढला तर म्हणाले, "बांधलं की जागा संपली, बाई. मंग ते घर होते. घराले भाव राह्यत नाही, जागेले राह्यते." या बोलण्यावर काकू उठून आत गेल्या आणि भांडी घासत बसल्या. भांडी आधीच घासलेली होती.

मुलगा मोठा झाला. नागपूरला एका कंपनीत लागला, कंत्राटी. त्याच्या लग्नाच्या वेळी मुलीचा बाप आला, त्यालाही चहाआधी जागेवर नेलं. तो भला माणूस पायांनी जागा मोजत फिरला, रस्ता पाहिला, दोन्ही बाजूंचे बंगले पाहिले आणि तिथेच हो म्हणाला. मुलाची नोकरी पक्की नाही, हे त्याने मग विचारातच घेतलं नाही. तेव्हा काकाजींचा चेहरा उतरल्यासारखा वाटला मला. इतक्या आनंदाच्या वेळी असं कसं, असं क्षणभर मनात आलं, मग मी विसरूनही गेले.

नंतर काकू आजारी पडल्या. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, परत आणलं. त्या खोलीत झोपून असायच्या, वर टीन तापलेलं, आणि ओला पंचा कपाळावर ठेवून मी बसलेली. एका दुपारी त्यांनी काकाजींना जवळ बोलावलं. "एक खोली तरी टाका. मले माह्या दारातून नेजा," एवढंच म्हणाल्या. काकाजी म्हणाले, "नकाशा देल्ला पास कराले." मी चमकून पाहिलं. ते भिंतीकडे पाहत होते. काकूंनी दोन-तीनदा विचारलं, पास झाला का, पास झाला का. काकाजी म्हणायचे, होते, होते. त्या पावसाळ्याआधीच काकू गेल्या. किराणावाल्याच्या दारातून गेल्या.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, मुलगाही ड्युटी आहे म्हणून नागपूरला गेला. काकाजी ओट्यावर बसले होते. मी त्यांच्यासाठी वरणभात घेऊन गेले आणि ताट ठेवता ठेवता माझा तोल सुटला. मी म्हटलं, "काकाजी, एक खोली बांधली असती तर काय बिघडलं असतं तुमचं? त्या माउलीने दुसरं काही मागितलं का कधी?"

"तिथी बांधता येत नाही, बाई."

"का येत नाही?"

"ते मोकळी जागा हाय."

"मोकळी आहे म्हणूनच बांधायची ना?"

"मी बी त्याले हेच म्हणलं होतं," काकाजी म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. स्वतःच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत, काकूंना अचानक सांगू म्हणून, ते गुपचूप नगरपालिकेत बांधकामाची परवानगी मागायला गेले होते. तिथल्या ओव्हरसियरने ले-आउटचा नकाशा टेबलावर पसरला, बोट फिरवत आणलं आणि म्हणाला, "हे तं मोकळी जागा हाय." काकाजी मोठ्या अभिमानाने म्हणाले, "हो साहेब, मोकळीच हाय. अजून एक ईट बी नाही ठेवली." त्यावर तिथे बसलेली सगळी माणसं हसली. मग एकाने त्यांना समजावलं. शेतात प्लॉट पाडताना थोडी जमीन सगळ्यांसाठी सोडावी लागते, लेकरांना खेळायला, झाडं लावायला. नकाशात तिला 'मोकळी जागा' म्हणतात. ती कोणा एकाची होत नाही आणि तिच्यावर कोणाला घर बांधता येत नाही. ले-आउटवाल्याने सगळे प्लॉट विकले आणि शेवटी ही जागाही विकून टाकली. काकाजींच्या बाबाने सौद्याच्या वेळी विचारलं होतं, ही कोणती? तो म्हणाला, ही मोकळी जागा. बाबा म्हणाला, मले मोकळीच पाह्यजे. खेड्यातल्या माणसाला मोकळी म्हणजे मोकळी. ओलिताची पट्टी त्या एका शब्दावर गेली.

"अन् तो ले-आउटवाला?"

"मेला होता तवा. पोरं गाव सोडून गेलते. कोनाले धरू? घरी आलो तं बाबा बसले होते, बजाराचा दिवस होता. जागा पाहून आलते. म्हणे, गवत लय झालं, काढत जाय. मी म्हणलं, काढतो. झालं. तवा सांगाचं राह्यलं ते राह्यलं."

"काकूंना तरी सांगायचं."

"तिले सांगतलं असतं तं तिनं ते चौकट फेकून देल्ली असती. मंग काय पाहत राह्यली असती ते?" त्यांनी ताट जवळ ओढलं. "एसटीत आमदाराची सीट राह्यते, बाई. वर लिहेल राह्यते, राखीव म्हणून. आमदार काही एसटीनं येत नाही. मंग गरीब पॅसेंजर बसते तिथी. कोनी उठवत नाही त्याले. पण त्यानं सीट माही हाय म्हणून वरडू नाही. गुपचूप बसाचं. मी इकाले काढली असती तं उठवलं असतं, बांधाले काढली असती तं उठवलं असतं. काहीच नाही केलं म्हणून तं बसून राह्यलो."

दलाल, कडुनिंब, लग्नाच्या मांडवाशेजारची ती खुर्ची, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी त्यांना चक्रम समजत होते. चक्रम नव्हता तो माणूस, भ्यालेला होता. मला त्यांची कीव आली, आणि रागही आधीपेक्षा जास्त आला. सांगितलं असतं तर काकूंनी रडून घेतलं असतं, चार दिवस अबोला धरला असता, आणि मग कुठे तरी लहानसा तुकडा घ्यायला दोघांनी मिळून कंबर कसली असती. आशेने त्या बाईचं आयुष्य खाल्लं. तो राग आणि ती कीव अजूनही माझ्या मनात एकत्रच नांदतात.

मी म्हटलं, "आता मुलाला सांगा. निदान त्याला तरी या जागेच्या भरवशावर ठेवू नका."

"पोळ्याले येते तो. सांगतो. तुमी फक्त बसा संग."

पोळ्याला मुलगा, सून, नात सगळी आली. मी ठरल्याप्रमाणे जाऊन बसले. पुरणपोळी वाढून झाली. काकाजींनी दोनदा घसा खाकरला. तेवढ्यात मुलगाच म्हणाला, "कंपनीतले सारे फ्लॅट घेऊन राह्यले, बाबा. मले बी म्हणत होते. मी म्हणलं, मले कायले पाह्यजे? गावाले आपली जागा हाय ना."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून खूण केली. बोला. त्यांनी पोळीचा तुकडा दुधात बुडवला, तो तुटून वाटीत पडला, तो बोटांनी शोधत राहिले आणि म्हणाले, "बराबर केलं."

पुढचा पोळा त्यांनी पाहिला नाही. एका सकाळी जागेवरच बसले ते उठले नाहीत. खुरपं हातात होतं.

तेरवीनंतर मी जागेकडे गेले. मुलगा तिथे उकिडवा बसून गवत काढत होता, बापासारखाच, मुळासकट. पलीकडे त्याची बायको मुलीला घेऊन फिरत होती. मी ठरवून गेले होते. बाप बोलला नाही, आता मला बोलणं भाग होतं. मी त्याच्याजवळ बसले आणि हळू आवाजात सगळं सांगितलं, नकाशा, ओव्हरसियर, मोकळी जागा. तो थांबला नाही. गवत उपटतच होता.

"मालूम हाय, ताई," तो म्हणाला.

आई आजारी असताना तो कर्ज काढायला गेला होता, एक खोली बांधायला. बँकेतल्या माणसाने कॉम्प्युटरवर नकाशा काढून दाखवला आणि हे बापाला विचारून ये म्हणाला. हा विचारायला आलाच नाही.

"बाबाले काय म्हणू? त्यायनं जिंदगी घातली इथी. मी येऊन सांगू का, बाबा, हे आपली नोहोय? त्यायले मालूम नाही असंच वाटे मले."

"मग पोळ्याला ते फ्लॅटचं का बोललास?"

"फ्लॅट घेयाची ऐपत कोठी हाय माही? पगार तुमाले मालूम हाय. पण जागा हाय म्हणलं की कोनी इचारत नाही, काहून घेत नाही म्हणून." गवताची जुडी त्याने कुंपणापलीकडे टाकली. "बाबा बराबर केलं म्हणले, तवा मले लय बरं वाटलं होतं."

म्हणजे त्या दिवशी पुरणपोळीच्या ताटावर बापलेक एकमेकांना सांभाळत बसले होते, आणि खरं दोघांनाही माहीत होतं. मी सुनेकडे पाहिलं आणि विचारलं, "तिला?"

"नाही. तिचा बाप हे जागा पाहूनच हो म्हणला होता, ताई. तिनं घर सोडून दुसरं काही मागतलं नाही मले आजवर. सांगतो कधीतरी."

तेवढ्यात सून जवळ आली. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं तर तिला ते सासऱ्याच्या आठवणीचं वाटलं, तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्याचं मन दुसरीकडे वळावं म्हणून असेल, ती माझ्यापाशी बसली आणि मोबाइल पुढे केला. स्वयंपाकघराचे फोटो होते त्यात, एकामागून एक.

"ताई, तुमीच सांगा. किचनची खिडकी कोन्या बाजूनं ठेवाव? हे म्हणते तुले जसं पटते तसं ठेव. रोडकून ठेवली तं धूळ येईन ना?"

मुलगा मान खाली घालून गवत काढत होता. त्याचा हात तेवढा थांबला. मला सांगता आलं असतं. 'मोकळी जागा', दोन शब्दांचीच तर गोष्ट होती. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मी म्हटलं, "पूर्वेला ठेव. सकाळचं ऊन येतं."

"मले बी तसंच वाटे," ती म्हणाली. मोबाइल बंद करून उठली, पूर्वेकडे तोंड करून नीट उभी राहिली, आणि मातीत खेळत बसलेल्या मुलीला म्हणाली, "सरक वं तिकडं. तिथी ओटा येते."

मुलगी उठली आणि बाजूला जाऊन बसली.